मोटारघराचा मुक्काम आणि आपला बांध

गेल्या माघांत ऊस तुटून गेल्यावर आम्ही घरचीं सहा माणसें भाड्याचें मोटारघर घेऊन कोंकणकिनाऱ्यानें पांच दिवस फिरून आलों. मोटारघर म्हणजे ज्यास हल्लीं कॅराव्हॅन म्हणतात तें. निजावयाच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टांकी व शौचकूप, सारें एकाच गाडींत. शेतकी मासिकांत सहलीचें काय काम, असें वाचकांस वाटेल. परंतु या गाड्या आतां आपल्याच बांधावरून जाऊं लागल्या आहेत व त्यांच्यामागून जमिनीचें गिऱ्हाईकही येणार. सबब लिहिणें अवश्य वाटलें.

चिरंजीवास हा प्रकार अगदीं नवा वाटत होता. मला तसें वाटलें नाहीं. माझ्या लहानपणीं सौंदत्तीस यल्लम्माच्या यात्रेला आमच्या गांवच्या बैलगाड्या निघत. गाडीला तट्ट्या बांधलेला, आंत पिंजराचें अंथरूण, मागें कडब्याच्या पेंढ्या, खालीं कंदील लोंबतो आहे, आणि म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत सारें घर आंत. मुक्कामास वडील मंडळी तीन गोष्टी पाहत: पाणी, सावली आणि शेताच्या मालकाची परवानगी. परवानगी बहुधा मिळे, कारण रात्रभर बांधलेल्या बैलांचें शेण व मूत मालकाच्या रानास मिळे. विलायतेंतही या छंदाचा आरंभ जनावरांच्याच जोरावर झाला. आरमारांतून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं दोन घोडे जोडलेलें फिरतें घर घेऊन इंग्लंडांतून थेट स्कॉटलंड गांठलें होतें. आतां इंजिन आलें, आणि मुक्कामाच्या जागीं मागें काय राहतें हा प्रश्नच पालटला. त्याविषयीं पुढें सांगतों.

राधानगरी व दाजीपूरचें रान मागें टाकून फोंडा घाटानें आम्ही खालीं उतरलों. देवगडाकडे जांभ्या दगडाचा सडा पाहून काळ्या जमिनीच्या माणसास खरोखर लाज वाटावी. ज्या कातळावर आपण शेळीसुद्धां सोडणार नाहीं, तेथें खड्डे फोडून, दुसरीकडची माती आणून भरून, या लोकांनीं हापूस उभा केला आहे. त्या वेळीं झाडें मोहोरानें लवलीं होतीं. या आंब्यास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें उगाच नव्हे. पुढें कुणकेश्वर. यास कोंकणची काशी म्हणतात. आम्ही कोल्हापूरकर दक्षिण काशीचे रहिवासी, तेव्हां थोडा मान आम्हांलाही मिळेल असें वाटलें, पण गाडी लावण्यास जागा मिळाली तेवढ्यावरच समाधान मानलें. मालवणास सिंधुदुर्ग पाहिला. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं आरंभिलेल्या या किल्ल्यास चोहोंकडून खारें पाणी, आणि आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना गोडें. नातवानें तिन्ही ठिकाणचें पाणी मागून पाहिलें व तिन्ही सारखींच लागतात अशी तक्रार केली. शिरोड्यास १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा पाहून आंबोलीवरून परतलों.

आतां मुद्द्याची गोष्ट. आचऱ्याच्या अलीकडे एका निवासगृहाच्या आवारांत आम्ही रात्र काढली. तेथील रात्रीचा राखणदार बोलका होता. त्याच्याकडून कळलें कीं तें आवार पूर्वीं त्याच्याच वडिलांचें होतें. बहिणींच्या लग्नांच्या वेळीं विकलें गेलें. फाटकाजवळचा माड दाखवून तो म्हणाला, "हा बाबांनीं लावलेला. आतां याचा नारळ पडला तरी उचलून कचेरींत नेऊन द्यावा लागतो." त्याच्या बोलण्यांत रडगाणें नव्हतें, म्हणून मला तें अधिक लागलें. तालुक्याच्या कचेरींत मीं उभा जन्म फेरफाराच्या नोंदींत घालविला. जुन्या मालकाचें नांव कमी करण्यास एक ओळ पुरत असे. त्या ओळीपलीकडचा माणूस मीं त्या रात्रीं प्रथमच एवढ्या जवळून पाहिला.

आपल्या राज्यांत २०२० सालीं कृषि पर्यटनाचें व २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण झालें. खाजगी जमिनीवरही अशा गाड्यांचा तळ करतां येतो. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या तालुक्यांतून कोंकणांत उतरणाऱ्या वाटा जातात, तेव्हां रस्त्याकडेच्या पट्ट्यास मागणी येईल हें सांगावयास ज्योतिषी नको. माझें स्पष्ट मत असें कीं पट्टा विकूं नये, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानेंही देऊं नये. मुक्काम तेवढा द्यावा. मोटारघर स्वतःचें छप्पर बरोबर घेऊन येतें. त्यास हवी सपाट, कठीण जागा, पाण्याचा नळ, विजेचें एक बटण आणि सांडपाण्याचा खड्डा. यासाठीं बांधकाम नको, कर्ज नको, भागीदारही नको. कोणी भला गृहस्थ तीस वर्षांचा कागद घेऊन आला तर सही करण्यापूर्वीं सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत काय चढणार तें विचारावें, आणि जमिनीचा वापर बदलतो कीं नाहीं तें तलाठ्याकडून समजून घ्यावें. किनाऱ्याकडे ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचे निर्बंध निराळेच.

उत्पन्न किती, असें कोणी विचारील. उसाच्या बिलाशीं तुलना करूं नये. पावसाळ्यांत या गाड्या येणार नाहींत, परीक्षांच्या दिवसांत येणार नाहींत. उभें पीक मोडून तळ करणारा मनुष्य मूर्ख होय. शिवाय दारांत आलेल्यास चहा कोण करणार, हा प्रश्न पुरुष मंडळी हिशोबांत धरीत नाहींत.

आणि घाण. चौथ्या दिवशीं पहाटे जाग आली तों आमची गाडी एका वहाळाच्या कांठीं उभी, आणि चालकानें शौचाच्या टांकीची तोटी मोकळी केलेली. खालच्या अंगास लोकांची मिरची होती व दोन बाया घागरी घेऊन उतरत होत्या. मीं धांवत जाऊन त्यांना थांबविलें. गाडीच्या मालकाला दूरध्वनि केला तर तो म्हणाला, सारेच असें करतात. भाड्याबद्दल त्याच्याशीं भांडलों, पण ती घाण आमच्याच घरची होती, हें कोणाला सांगणार? त्या बायांनीं आम्हांस एक शब्दही लावला नाहीं. मुकाट्यानें वरच्या अंगाला गेल्या.

म्हणून ज्याला तळ करावयाचा त्यानें आधीं खड्डा करावा व मग पाटी लावावी. आणि टांकी तेथेंच रिकामी करणार असें गाडीवाल्याकडून आगाऊ कबूल करून घ्यावें. आमच्या रस्त्याकडेच्या अडीच गुंठ्यांत मीं आंखणी केली आहे. खड्डा विहिरीपासून किती लांब असावा यावर घरांत अजून एकमत नाहीं. मीं पन्नास पावलें धरलीं होतीं. सौभाग्यवतींनीं खुंटी उपटून पार खालच्या बांधापाशीं नेऊन ठोकली आहे, आणि ती तेथेंच राहील असें दिसतें.