भाकरी सोडली, गोळी तशीच

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांच्या घोळक्यात दोन मिनिटे कान दिला तरी हल्ली 'कार्ब' हा शब्द ऐकू येतो. कुणी दोन महिन्यांत आठ किलो उतरवलेले असतात, तर कुणाची तीन महिन्यांची सरासरी साखर साडेआठवरून सातवर आलेली असते. भात बंद, भाकरी बंद, चपाती बंद, गुळाचे तर नाव काढायचे नाही. त्याऐवजी अंडी, पनीर, तूप, बदाम आणि मटण. मटणाच्या दरावरून २०१९ मध्ये आंदोलन करणाऱ्या या शहराला 'भाकरी सोड, मटण खा' हा सल्ला पटायला फारसा वेळ लागणार नव्हताच. तो डॉक्टरने दिला की यूट्यूबने, हे विचारत कोण बसतो?

ही कल्पना निव्वळ थोतांड आहे, असे मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या अपस्मारावर, म्हणजे फिट्सवर, केटो आहार १९२१ पासून वापरला जातो आणि काही रुग्णांना तो आजही उपयोगी पडतो. मधुमेहातही कर्बोदके कमी केली की साखर उतरते. ती उतरणारच, कारण ती येते तिथूनच. अडचण पुढे आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २०२१ मध्ये अशा २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. सहा महिन्यांपर्यंत कमी कर्बोदकांचा गट स्पष्टपणे पुढे होता, पण वर्ष सरेपर्यंत तो फायदा बराच ओसरला. वजनाचेही तसेच. अमेरिकेत ६०९ जणांवर वर्षभर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कर्बोदके कमी करणाऱ्यांचे वजन सरासरी सहा किलोने घटले, तर चरबी कमी करणाऱ्यांचे सव्वापाच किलोच्या आसपास. हा फरक काही नाव घेण्यासारखा नव्हे.

मग पहिल्या आठवड्यात काटा धाडकन खाली येतो तो कशामुळे? शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवते. त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असते. साठा संपला की पाणीही जाते. चरबी अजून जागेवरच असते, पण फोटो तोवर व्हॉट्सॲपवर पोचलेला असतो.

कडक केटोत दिवसाला वीस ते पन्नास ग्रॅम कर्बोदके चालतात. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका शाळूच्या भाकरीत ती तीस-पस्तीस ग्रॅम असतात. म्हणजे एक भाकरी आणि वाटीभर आमटी झाली की दिवसाचा कोटा संपला. भाकरीबरोबर जाणारा तंतुमय भाग आणि पाचेक ग्रॅम प्रथिने यांचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. महिन्याभरात बद्धकोष्ठतेची तक्रार सुरू होते. काहींना मूतखडा होतो, काहींचे वाईट कोलेस्टेरॉल वर जाते. त्यात आपली कोल्हापुरी आवृत्ती आणखी वेगळी. तांबड्या रश्श्यावरचा तवंग आणि पांढऱ्या रश्श्यातले नारळाचे दूध, दोन्हींत संपृक्त चरबी भरपूर. भाकरीबरोबर माणूस दोन वाट्या रस्सा घेत होता. भाकरी गेल्यावर पोट भरेपर्यंत घेतो. पैलवानांच्या खुराकाचा दाखला इथे हमखास दिला जातो. पण तालमीतला गडी दूध, तूप आणि बदामासोबत भाकरीही खात होता आणि पहाटेपासून जोर-बैठका मारून ती जिरवत होता. आपण रंकाळ्याला एक फेरी मारतो आणि वाटेत मिसळ दिसली तर थांबतो.

कर्बोदके काढल्यावर त्या जागी काय येते, यावर बरेच अवलंबून आहे. पंधरा हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांचा सुमारे २५ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१८ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. निम्म्याच्या आसपास उष्मांक कर्बोदकांतून घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले; ४० टक्क्यांच्या खाली आणि ७० टक्क्यांच्या वर ते वाढत गेले. कर्बोदकांच्या जागी मांस आणणाऱ्यांत ते जास्त होते, डाळी-दाणे आणणाऱ्यांत कमी. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही दिशा समजते.

हे सारे तोटे हळूहळू दिसणारे आहेत. मला खरी काळजी वाटते ती काही दिवसांत माणसाला अतिदक्षता विभागात नेऊ शकणाऱ्या एका जोडीची. ही जोडी म्हणजे मधुमेहाची गोळी आणि बंद केलेली भाकरी.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन ठरलेल्या जेवणाचा अंदाज धरून दिलेले असते. जेवणातली कर्बोदके निम्म्याहून कमी झाली आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक पातळीवर घसरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. दुचाकीवर असताना हे झाले तर पुढचे सांगायला नको. हा धोका निदान अनेकांना माहीत तरी आहे.

दुसरा फारसा माहीत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. औषधे उत्तम आहेत. हृदय आणि मूत्रपिंडाला त्यांचा आधार मिळतो. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले, किंमत उतरली आणि आज ती सर्रास लिहिली जाते. या गोळ्यांमुळे शरीराचा कल आधीच चरबी जाळून केटोन तयार करण्याकडे झुकलेला असतो. त्यात माणसाने कर्बोदके तोडली की इन्सुलिन आणखी खाली जाते, केटोन साचतात आणि रक्त आम्लयुक्त होते. याला केटोॲसिडोसिस म्हणतात. एरवी या अवस्थेत साखर तीनशे-चारशेच्या पुढे असते, म्हणून ती लगेच ओळखू येते. इथे साखर लघवीतून निघून जात असल्याने यंत्रावर दीडशे-दोनशेच दिसते. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा. घरचे म्हणतात पित्त झाले, केटोवाले म्हणतात शरीर नव्या आहाराला सरावतेय, आणि हातातले यंत्र म्हणते सगळे ठीक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या धोक्याचा इशारा २०१५ मध्येच दिला होता. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर जीवावर बेततो.

दोष एकट्या रुग्णाला देणे मला पटत नाही. जिममध्ये आहाराचा तक्ता हातात ठेवणारा 'गोळ्या कोणत्या चालू आहेत?' असे विचारत नाही. तपासणीच्या खोलीतही औषध वाढवताना 'जेवणात काही बदललंय का?' हा प्रश्न घाईत राहून जातो. रुग्णही सांगत नाही, कारण डॉक्टर ओरडतील. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने प्रथिनांचा मारा करू नये आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने हा प्रयोग करूच नये, हेही त्या तक्त्यावर कुठे छापलेले नसते.

आपल्या ताटात कर्बोदके जास्त आहेत, हे खरेच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार आपले सुमारे ६२ टक्के उष्मांक त्यांतून येतात. नुसता भात सोडून तेवढीच गव्हाची चपाती किंवा नाचणीची भाकरी खाल्ल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही, ही त्यातली आपल्याला न रुचणारी बाब. मात्र एकूण उष्मांकांतले अवघे पाच टक्के कर्बोदकांकडून डाळी, दूध, अंडी, मासे यांच्याकडे वळवले, तर धोका घटतो असे दिसले. तीन भाकऱ्यांच्या दोन करून उसळीची वाटी मोठी केली की एवढा बदल होतो. त्यासाठी कोणता कोर्स लागत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर आजच गोळ्यांची पाकिटे काढून ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरे वाचा. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर कर्बोदके तोडण्याआधी, नवरात्रात नुसत्या पाण्यावर उपवास धरण्याआधी आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी डॉक्टरांना विचारा. अशा रुग्णाला उलट्या आणि धाप सुरू झाली, तर साखर दीडशे दिसते म्हणून घरी थांबू नका. रुग्णालयात गोळीचे पाकीट सोबत न्या, आहार बदलल्याचे सांगा आणि रक्तातले केटोन तपासायला सांगा.