शेगडी घ्यायची, पण ठेवायची कुठे?

रमजानचा पहिला आठवडा सरला की आमच्या खांदा कॉलनीत एक विषय हमखास निघतो : यंदा सीख कबाब घरीच लावायचे का? पनवेलहून हार्बरची लोकल पकडायची, मोहम्मद अली रोडच्या गर्दीत दोन तास उभं राहायचं, तरावीह चुकवायची आणि मध्यरात्री परत यायचं, त्यापेक्षा एक शेगडी विकत घेतलेली काय वाईट? मग मोबाइलवर शोध सुरू होतो. घडीची पत्र्याची, गोल झाकणाची, गॅसची, विजेची अशा हरतऱ्हेच्या ग्रिल समोर येतात. जाहिरातीतल्या प्रत्येक ग्रिलच्या मागे हिरवळ असते. आपल्या मागे असते शेजारच्या बिल्डिंगची खिडकी.

गोल झाकणाच्या ग्रिलची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. १९५२ मध्ये शिकागोत जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचा गोळा अर्धा कापून ती बनवली. स्वतःचं घर, घरामागे स्वतःचं अंगण, अशा कुटुंबांत ती रुळली. आमची कॉलनी सिडकोच्या आखणीतली. इथे घर म्हणजे फ्लॅट आणि अंगण म्हणजे गॅलरी. तीही बहुतेकांनी सरकत्या काचा लावून खोलीत घेतलेली. आपल्याकडे ग्रिल म्हटलं की आधी खिडकीची लोखंडी जाळीच डोळ्यांसमोर येते, ते उगाच नाही.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. फ्लॅटच्या वस्तीत घरटी एक कोळशाची शेगडी ही कल्पनाच चुकीची आहे. एका बिल्डिंगला एक शेगडी पुरे. ती गच्चीवर, सोसायटीला विचारून, सगळ्यांच्या माहितीने पेटावी. आणि एकदा एवढं केलं, की ताटात काय आहे यावर मात्र कुणी बोलू नये.

आधी गॅलरीबद्दल. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट अधिक ओढीने चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. दिवसभराच्या रोज्यानंतर या सगळ्याचं खापर थकव्यावर फोडणं सोपं असतं, आणि धोका तिथेच आहे. धूर दिसेनासा झाला म्हणजे वायू थांबला असंही नाही. निखारे लाल असेपर्यंत तो निघतच राहतो. काचा लावलेल्या गॅलरीत एक खिडकी उघडी ठेवणं हा त्यावर उपाय होत नाही. रात्री झोपताना घरात आग पेटती ठेवू नका, अशी ताकीद पैगंबर साहेबांच्या हदीसमध्ये आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती येते. तरावीहहून परतल्यावर दाराआड धुमसत ठेवलेल्या शेगडीला ती तंतोतंत लागू पडते.

गच्चीवर शेगडी नेण्याची कल्पना आपल्या जिल्ह्याला परकी नाही. रायगडात हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी, मीठ, ओवा. पाणी नाही, तेल नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पोपटी कुणी एकट्याने, दार लावून लावत नाही. ती शेतात, मोकळ्यावर, दहा माणसं जमवून लागते. शाकाहारी असेल त्याचं मडकं वेगळं लागतं आणि त्यावरून कुणाचं बिनसत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. यंदा तो फेब्रुवारीत आला, म्हणजे पोपटीच्या हंगामाला येऊन भिडला. पुढची काही वर्षं तो थंडीतच असेल. पोपटीची रीत गच्चीवर आणायला याहून चांगला मोका कुठला?

आता शेगडीची निवड. सीखेसाठी लांबट, अरुंद पेटी हवी. रुंदी सळईपेक्षा कमी, म्हणजे सळईची दोन्ही टोकं काठांवर टेकतील आणि मांस निखाऱ्यांच्या वर अधांतरी राहील. जाळीवर ठेवलेला खिमा चिकटतो आणि फाटतो. पत्रा जाड असावा. पातळ पत्रा दोन वेळा तापला की वाकतो. खालच्या बाजूला हवेची भोकं, आणि कंबरेच्या उंचीपर्यंत येणारे भक्कम पाय. उंचीमुळे पाठ वाचते, लहान मुलांचे हात लांब राहतात आणि गच्चीची फरशी तापत नाही. तरीही खाली विटा मांडाव्यात. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या, सोलरच्या वायरी आणि वाळत घातलेले कपडे यांच्यापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून जागा ठरवावी. पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं हाताशी असावं. सळया चपट्या घ्याव्यात. गोल सळई फिरवली की ती एकटीच फिरते, कबाब जागच्या जागी राहतो.

अशी पेटी गल्लीतला फॅब्रिकेशनवाला मापानुसार बनवून देतो. वर्षातला एक महिना आणि एरवीचे दोन-चार रविवार एवढाच तिचा वापर. आठ-दहा घरांनी मिळून घेतली तर खर्च कुणाला जाणवतही नाही. ज्यांना गच्ची उपलब्ध नाही त्यांनी विजेची ग्रिल घ्यावी. कोळशाचा वास हवाच असेल तर धुंगार आहेच. उघड्या खिडकीपाशी, कबाबाच्या भांड्यात वाटी, वाटीत एक निखारा, त्यावर थेंबभर तूप, आणि दोन-तीन मिनिटं झाकण. मग निखारा पाण्यात विझवायचा.

कोळसा लाकडाचाच घ्यावा किंवा नारळाच्या करवंटीचा. दगडी कोळसा खाण्याच्या पदार्थाखाली कधीही नको. पेटवायला रॉकेल, पेट्रोल नको. वास तर मांसात उतरतोच, शिवाय भडका उडतो. किलोभर खिम्याला साधारण दीड किलो कोळसा लागतो. सध्या मगरिबची अजान पावणेसातच्या आसपास होते, तेव्हा कोळसा साडेपाचला पेटलेला बरा. धूर होतो तो सुरुवातीच्या वीस-पंचवीस मिनिटांत. निखाऱ्यांवर पांढरी राख चढली की धूर जवळपास थांबतो, आणि मांस तेव्हाच चढवायचं. घाई करणारा स्वतः कच्चं खातो आणि शेजाऱ्याला धूर खायला घालतो.

खिम्यात पाणी राहिलं तर कबाब सळईवरून गळून पडतो. म्हणून खिमा कापडात घट्ट पिळून घ्यावा. चरबी पाचव्या हिश्शाइतकी असावी. त्याहून जास्त असली तर ती निखाऱ्यांवर टपकून पुन्हा धूर करते आणि मांसावर काजळी बसते. कच्च्या पपईचा गर किलोला एक मोठा चमचा, तोही अर्ध्या-पाऊण तासापुरता. जास्त वेळ राहिला तर खिम्याचा लगदा होतो. बांधायला भाजलेल्या चण्याचं पीठ. रोज्यात मीठ चाखून पाहायचं टाळतो, तेव्हा ते मोजून घालावं. किलोला पंधरा ग्रॅम पुरतं. कबाब आतपर्यंत शिजला पाहिजे. मध्ये मोडून पाहावा, गुलाबी दिसला तर परत चढवावा.

इथे घरातल्या पुरुषांना एक सांगायचं आहे. शेगडी आली की आपण उत्साहाने गच्चीवर जातो, पुठ्ठ्याने वारा घालतो, सळया फिरवतो आणि शाबासकी घेतो. खिमा धुणं, पिळणं, वाटण करणं, चटणी, कांदा, नंतर खरकटी भांडी आणि तुपकट सळया खालीच राहतात, आणि त्या कुणाच्या वाट्याला येतात हे सांगायला नको. रोजा तर दोघांचाही असतो. गॅससमोर उभं राहून भजी-समोसे तळणाऱ्या बाईला एक दिवस सुट्टी मिळावी, हा शेगडीचा खरा फायदा असू शकतो. पण त्यासाठी खाटकाच्या दुकानापासून ते सकाळी गार झालेली राख डब्यात भरून टाकण्यापर्यंतचं सगळं काम गच्चीवाल्यांनी करायला हवं. राखही रात्री प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकू नये. आत निखारा जिवंत असू शकतो.

आता ज्या गोष्टीवर आपण उघड बोलत नाही तिच्याकडे येतो. मिश्र वस्तीत शेगडीबद्दल दोन तऱ्हेच्या तक्रारी येतात. एक धुराची, दुसरी ताटाची. दोन्ही एकाच आवाजात येतात, म्हणून आपणही दोन्हींना एकच उत्तर देतो : आमचाच सण यांना खुपतो. हे बरोबर नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दमा असेल, कुणाचं तान्हं बाळ असेल, तर त्यांच्या तक्रारीला धर्म नसतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पाठोपाठ कोळशाचे तंदूर चालवणाऱ्या हॉटेलांनाही महापालिकेच्या नोटिसा गेल्या. तो विषय व्यवसायांचा होता, घरच्या शेगडीचा नव्हे. पण कोळशाचा धूर ही साऱ्या शहराची चिंता झाली आहे, हे त्यातून कळतं. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नका, असं हदीस सांगते. नमाजात शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वासाचाही त्रास होऊ नये, इतका विचार जिथे आहे, तिथे वरच्या मजल्यावर धूर सोडून आपण कोणता सवाब कमावणार?

ताटाची तक्रार मात्र वेगळी आहे. धूर नाही, राख नाही, जागा धुऊन स्वच्छ केली आहे, आणि तरीही ‘आमच्या गच्चीवर मटण नको’ असं कुणी म्हणत असेल, तर ते मान्य करायचं कारण नाही. गच्ची सगळ्यांची सामायिक असते. तिचे नियम वेळेचे, आगीचे, स्वच्छतेचे असावेत आणि ते प्रत्येकाला सारखे लागू व्हावेत. कुणाच्या तरी रुचीचा नियम झाला तर ती सामायिक राहत नाही. हे शांतपणे, सोसायटीच्या सभेत, इतिवृत्तात नोंद होईल असं बोललं पाहिजे. आणि ते बोलायचं बळ त्यालाच येतं, ज्याने धुराची तक्रार आधी मनापासून ऐकली आहे. गॅलरीत गुपचूप शेगडी पेटवणारा हा वाद सुरू होण्याआधीच हरलेला असतो.

हजरत अबू जर यांना पैगंबर साहेबांनी सांगितलं होतं की रस्सा शिजवशील तेव्हा त्यात पाणी वाढव आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. कबाबात पाणी वाढवता येत नाही, पण सळया वाढवता येतात. एका सळईवर पनीर, दुसरीवर सिमला मिरची, निखाऱ्याच्या कडेला कणसं आणि रताळी. त्यांची जाळी वेगळी, चिमटा वेगळा, आणि हे खाणाऱ्याला दिसेल असं मांडलेलं.

म्हणून या रमजानमध्ये शेगडीच्या आधी एक कागद घ्या. त्यावर वार आणि वेळ लिहा, धुराचा त्रास असणाऱ्यांनी आधी कळवावं असं लिहा, काय काय भाजणार तेही लिहा, आणि दोन दिवस आधी लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावा. कुणी हरकत घेतली तर त्यांचं दार वाजवा. धुराची असेल तर वेळ बदला, जागा बदला. ताटाची असेल तर त्यांना इफ्तारला बोलवा. आले तर आनंद आहे, नाही आले तरी शेगडी ठरल्या वेळी पेटू द्या.