दाताची भीती : स्वसंमोहन आणि गुंगीचं औषध एकत्र चालतं का?

डोळे मिटा, उलटे आकडे मोजा आणि इंजेक्शनशिवाय दाढ काढून घ्या, असं सांगणारी रील पाहिली असेल तर जरा थांबा. बेल्जियममधल्या लीएज इथल्या विद्यापीठ रुग्णालयात भूलतज्ज्ञ डॉ. मारी-एलिझाबेथ फेमोनव्हिल यांनी १९९२ पासून संमोहन आणि हलकी गुंगी एकत्र वापरली. पण तिथेही जागा बधिर करायचं इंजेक्शन असतंच.

दातांचंही तेच. संमोहनानं भीती कमी होते, दाढ बधिर होण्याची खात्री नाही. शिवाय मिडाझोलामसारखं औषध चढलं की लक्ष एकवटत नाही. म्हणून सराव आधी घरी करायचा आणि खुर्चीत सुरुवात औषधापूर्वीच.

खरी अडचण वेगळीच आहे. हलक्या गुंगीत पेशंट हाकेला ओ देतो का, यावरून औषध जास्त झालं नाही ना, हे डॉक्टर ओळखतात. बोटाला ऑक्सिमीटर असतो, पण तो पुरेसा नाही. पेशंट आपल्याच तंद्रीत गप्प राहिला तर अंदाज चुकू शकतो. त्यामुळे डॉक्टरांना आधी सांगून हात उचलायची खूण ठरवलेली बरी. औषध कमी करायचं का, हे मात्र तेच ठरवणार.

आणि संमोहन कितीही छान जमलं, तरी घरी जाताना गाडी दुसऱ्यानंच चालवायची.