ऑर्डरी नको, गल्ला मोजा

परवा रोह्याच्या बॅचमध्ये एका ताईंनी मोबाईल पुढे केला. "सर, नव्या पेजवर ऑर्डरी वाढल्यात. जुनं बंद करू ना?" मी विचारलं, "ताई, पैसे किती आले?" तो आकडा त्यांच्याकडे नव्हता. पेणला मी पापड-पोह्यांची साइट सुरू केली तेव्हा माझ्याकडेही नव्हता, म्हणून हसलो नाही.

स्प्लिट टेस्ट म्हणजे येणाऱ्या निम्म्या लोकांना जुनं पेज दाखवायचं, निम्म्यांना नवं, आणि तेही एकाच वेळी. श्रावणात एक आणि गणपतीनंतर दुसरं दाखवलंत तर ती पेजची नाही, सीझनची परीक्षा झाली.

आता हिशोब बघा. समजा जुन्या पेजवर "५०० च्या वर डिलिव्हरी फ्री" आहे, नव्यावर "सगळ्यांना फ्री". दोन्हीकडे १,००० जण आले. जुन्यावर ३० ऑर्डरी, सरासरी ५२० रुपये, म्हणजे १५,६००. नव्यावर ४० ऑर्डरी, पण सरासरी ३५०, म्हणजे १४,०००. माणसामागे १५ रुपये ६० पैसे आणि १४ रुपये. ऑर्डरी जास्त, गल्ला कमी! त्यात कॅश ऑन डिलिव्हरीची जुन्याची ३ आणि नव्याची ८ पार्सलं परत आली की उरतात १४,०४० आणि ११,२००. कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च मी अजून धरलेलाच नाही.

मग आकडा घ्यायचा कुठून? बहुतेक जण "धन्यवाद" पेज उघडलं की विक्री धरतात. इथेच घोळ होतो. आपलं गिऱ्हाईक गुगल पे नाहीतर फोनपेवर जातं, पैसे भरतं आणि तिथूनच बाहेर पडतं. तुमच्या पेजवर परत येतच नाही. पैसे खात्यात, पण टेस्टमध्ये शून्य. उलट कोणी तेच पेज दोनदा उघडलं तर एक विक्री दोनदा दिसू शकते. म्हणून गुगल ॲनालिटिक्सला प्रत्येक विक्रीसोबत ऑर्डर नंबर, रक्कम आणि चलन 'आयएनआर' पाठवा. ऑर्डरमध्येच जुनं की नवं पेज ही नोंद ठेवा आणि महिनाअखेर पेमेंट गेटवेच्या हिशोबाशी ताळा करा. कंटाळवाणं आहे, पण दुकानाची वही तरी कुठे मजेची असते?

आणखी एक. धाटाव एमआयडीसीतल्या एखाद्या कँटीनची ८,००० ची ऑर्डर आली की ती ज्या पेजवर पडेल ते पेज जिंकल्यासारखं दिसतं. अशी घाऊक ऑर्डर बाजूला काढून हिशोब परत करा.

लोक विचारतात, सर, टूल कुठलं घेऊ? गुगलचं फुकटातलं ऑप्टिमाइझ ३० सप्टेंबर २०२३ ला बंद झालं. पण महिन्याला चाळीस-पन्नास ऑर्डरी असतील तर माझ्या मते टूल घेऊच नका. एवढ्याशा आकड्यात दोन-चार ऑर्डरींचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. त्यापेक्षा पार्सल परत केलेल्या दहा जणांना फोन लावा.

ताईंना मी जुनं पेज चालू ठेवायला सांगितलंय. कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं काय ती परत येऊन जाऊ देत, मग बसून वही उघडू.