मतदार शेतकऱ्याची उदासीनता

निवडणुका आटोपल्या व मतदानाचे आंकडे प्रसिद्ध झाले म्हणजे लोक राजकारणाविषयीं उदासीन झाले आहेत अशी हाकाटी दर वेळीं होते, आणि पंधरा दिवसांनीं ती विरून जाते. सन २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकींत महाराष्ट्रांत शेंकडा सुमारें ६१ मतदारांनीं मत दिलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत झालेल्या विधानसभेच्या निवडणुकींत हें प्रमाण शेंकडा ६६ पर्यंत गेलें. लोकसभेच्या वेळीं दक्षिण मुंबईसारख्या सधन मतदारसंघांत जवळ जवळ निम्मे लोक घरींच बसले, आणि गडचिरोलीच्या रानावनांतून पायपीट करीत येणाऱ्या मतदारांनीं मात्र सत्तरी ओलांडिली. हे आंकडे पाहून कित्येक विद्वान असा निष्कर्ष काढितात कीं, उदासीनता हा शहराचा रोग आहे. खेड्यांतील शेतकरी जागा आहे. आमचें मत याहून भिन्न आहे. शेतकरी मतदानाच्या दिवशीं जागा असतो हें खरें. परंतु एका दिवसाच्या जागरणावर पांच वर्षांची झोंप काढण्याची जी संवय त्यास जडली आहे, तिच्याविषयीं आज दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जे मत देत नाहींत ते सर्वच बेपर्वा असतात असें नाहीं. विधानसभेचें मतदान सन २०१४ मध्यें १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्यें २१ ऑक्टोबरला व २०२४ मध्यें २० नोव्हेंबरला झालें. दसरा-दिवाळीचे हेच दिवस. याच सुमारास बीड जिल्ह्यांतून व आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतून मुकादमाची उचल घेतलेलीं हजारों कुटुंबें कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेस लागतात. त्यांचें नांव गांवच्या यादींत आणि पोट परजिल्ह्यांतील उसाच्या फडांत. पल्टणींतल्या शिपायास टपालानें मत देतां येतें, ८५ वर्षांवरील वृद्धांचें मत घेण्यास अधिकारी घरीं जातात. ऊसतोड मजुरास मात्र तशी कांहींच सोय नाहीं. एक दिवसाची मजुरी बुडवून, पदरचें भाडें खर्चून तो गांवीं आला नाहीं तर त्यास उदासीन म्हणण्याचा अधिकार आम्हां घरबशांना पोंचत नाहीं. तीच गोष्ट बहिष्काराची. रस्ता नाहीं, पूल नाहीं, प्यावयास पाणी नाहीं म्हणून एखादें गांव मतदानावर बहिष्कार घालतें. तो मार्ग आम्हांस पसंत नाहीं, कारण आदल्या रात्रीं तालुक्याहून साहेब येऊन जें आश्वासन देतात, त्याची शाई बोटावरच्या शाईहूनहि लवकर उडते. तथापि त्या गांवास राग तरी येतो. ज्यास रागहि येत नाहीं त्याचें काय करावें, हा खरा प्रश्न.

महसूल खात्याच्या नोकरींत असतांना मतदान केंद्रावर कामगिरी करण्याचे प्रसंग आम्हांस पुष्कळ आले. ग्रामपंचायतीची निवडणूक असली म्हणजे सकाळीं सातापासून रांग लागते. पुण्यास नोकरीस असलेले मुलगे रातोरात गाडी करून आणले जातात. जी म्हातारी वर्षभर उंबऱ्याबाहेर आलेली नसते तिला खुर्चीवर बसवून चौघे उचलून आणतात. दुपारीं तीन वाजतां कोणत्या घरचें कितवें मत राहिलें हें उमेदवारांच्या प्रतिनिधींस तोंडपाठ असतें. तेंच केंद्र, तीच खोली, तेच मतदार; पण लोकसभेच्या वेळीं दुपारनंतर आम्ही माशा मारीत बसावें. याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. सरपंच कोण झाला यावर आपल्या गल्लींतील नळास पाणी येईल कीं नाहीं हें ठरतें, हें लोकांस दिसतें. सोयाबीनची वा कांद्याची आयात-निर्यात दिल्लींत ठरते व तीवर आपल्या वर्षाचा हिशेब बसतो किंवा फिसकटतो, हें मात्र दिसत नाहीं. दिसतो तो बाजारांतला व्यापारी, आणि शिव्या त्यालाच मिळतात.

परंतु ज्या ग्रामपंचायतीसाठीं एवढा अट्टाहास, तिचें पुढें काय होतें? कायद्यानें वर्षांतून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गांवांतील प्रत्येक मतदार हा तिचा सभासद. घरकुलाचे लाभार्थी निवडणें, गांवच्या विकासाचा आराखडा मंजूर करणें, जमाखर्च पाहणें, हीं कामें तिच्यापुढें यावयाचीं असतात. गणपूर्तीचा नियम वाचकांनीं लक्षांत घ्यावा: एकूण मतदारांच्या शेंकडा १५ किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी असेल ती. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गांवांत अवघीं शंभर माणसें, शंभरांत पांच, जमलीं कीं सभा कायदेशीर झाली. तेवढींहि जमत नाहींत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचें बंधन नसल्यामुळें पुढच्या वेळीं वीसपंचवीस टाळकीं बसून सगळ्या गांवाचा निकाल लावतात. कित्येक ठिकाणीं तेवढेंहि होत नाहीं. सह्यांची वहीच घरोघर फिरते. सभा किती वाजतां होती असें विचारल्यास सही करणारा आपल्याकडेच विस्मयानें पाहतो! खुर्चीवरून उचलून आणलेल्या म्हातारीच्या मतास जें मोल होतें, तें तिच्या धडधाकट मुलाच्या गैरहजेरीमुळें सहा महिन्यांत मातीमोल होतें.

पैसेवारीचें उदाहरण घ्या. हें आमच्या चांगल्या परिचयाचें आहे. पन्नास पैशांच्या आंत पैसेवारी आली तर दुष्काळी सवलतींचें दार उघडतें, वर गेली तर बंद होतें. पीककापणीचा प्रयोग शेतांत होतो, भर दिवसां होतो, आणि तेथें गांवकऱ्यांनीं हजर राहावें अशी अपेक्षा असते. हंगामी पैसेवारी जाहीर झाल्यावर हरकती घेण्यास मुदत मिळते. आमच्या नोकरीच्या काळांत हरकतींचें टपाल आम्हीं उघडिलें आहे. त्या मुदतींत आलेले अर्ज बोटांवर मोजतां येत. मुदत संपल्यावर आलेल्या अर्जांनीं आणि पुढाऱ्यांच्या शिफारसपत्रांनीं मात्र फाईल फुगे. कारकुनानें काय करावें? मुदतीनंतरचा कागद कारकुनाच्या दृष्टीनें रद्दी.

आतां ज्या प्रकाराचें आम्हांस सर्वांत अधिक वाईट वाटलें तो सांगतों. आपला माल जेथें विकला जातो ती बाजार समिति सन १९६३ च्या कायद्यानें बांधलेली. तिचे संचालक निवडण्याचा अधिकार पूर्वापार विकास सोसायट्यांचे संचालक, ग्रामपंचायतींचे सदस्य अशा थोडक्या मंडळींकडे. मतदार थोडके असले कीं त्यांस मोटारींत घालून मतदानाच्या आदल्या आठवड्यांत तीर्थयात्रा घडवून आणणें सोपें जातें, हें सांगणें नकोच. सन २०१७ मध्यें कायदा बदलला व त्या क्षेत्रांत किमान १० गुंठे जमीन असून त्या बाजारांत माल घालणाऱ्या शेतकऱ्यास थेट मत मिळालें. सन २०२० मध्यें तें पुनः काढून घेण्यांत आलें. निवडणुकीचा खर्च समित्यांस पेलत नाहीं, हें कारण दिलें गेलें. लहान समित्यांपुरतें तें अगदींच खोटें नव्हतें. खर्चाची दुसरी तजवीज मात्र करतां आली असती. पण मुख्य गोष्ट निराळीच आहे. लाखों शेतकऱ्यांच्या हातचें मत गेलें आणि पानहि हाललें नाहीं. कांद्याचा भाव पडला तर रस्ता अडविणारे आपण, भाव जेथें निघतो त्या आवाराच्या कारभारांतला आपला वांटा गेला त्या दिवशीं कोणत्या गांवीं निषेधाचा ठराव झाला असें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. मत आलें तेव्हां हर्ष नव्हता, गेलें तेव्हां खेद नव्हता.

मताची किंमत आपल्या आजोबांस विचारावयास हवी होती. सन १९१९ व १९३५ च्या कायद्यांखालीं खेड्यांत मत मिळे तें बहुधा शेतसाऱ्याच्या रकमेवर. ज्याचा सारा ठराविक आंकड्याहून कमी, त्याचें नांव यादींत नाहीं. दोन भावांत वांटणी झाली व सारा विभागला कीं दोघांचेंहि मत जावें, असा तो प्रकार. सन १९५१-५२ च्या निवडणुकींत प्रथमच सारा, शिक्षण, स्त्री-पुरुष हा भेद न पाहतां प्रत्येक प्रौढास मत मिळालें, आणि १९८९ पासून वयाची अट २१ वरून १८ वर आली. वतनदारास आणि त्याच्या सालगड्यास सारखेंच एक मत, ही गोष्ट या देशांत पूर्वीं कधीं घडलेली नव्हती.

जिल्हा परिषदांचेंहि असेंच झालें. पंचायतींची मुदत पांच वर्षांहून अधिक नाहीं व ती संपण्यापूर्वीं निवडणूक झाली पाहिजे, असें संविधानांत स्वच्छ लिहिलें आहे. असें असूनहि सन २०२२ मध्यें मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदा आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या वादांत वर्षानुवर्षें प्रशासकांच्या हातीं राहिल्या. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें आदेश दिल्यावर चाकें हाललीं. या काळांत शेतीचीं अवजारें, विहिरींचीं अनुदानें, जनावरांचे दवाखाने यांविषयीं शेतकऱ्यानें कोणापाशीं गाऱ्हाणें न्यावें? प्रशासक कांहीं वाईट गृहस्थ नसतो, पण त्यास गांवांत मत मागावयास यावयाचें नसतें. एवढीं वर्षें आपला प्रतिनिधि नाहीं याची चुकचूक ज्यांस लागली ते न्यायालयांत गेले. बाकीच्यांस ती निवडणूक आली तेव्हां आठवली.

आपल्या मंडळीच्या सभासदांपुढें आम्ही दोनच सूचना ठेवितों. पहिली, पुढच्या ग्रामसभेस प्रत्येक गांवच्या निदान दहा सभासदांनीं मुद्दाम जावें, मागील सभेचें इतिवृत्त वाचून दाखविण्याची मागणी करावी, आणि वाचून झाल्यावरच सही करावी. इतिवृत्त वाचावयास लागलें म्हणजे लिहिणाराहि जपून लिहितो, हा आमचा कारकुनीचा अनुभव. दुसरी, बाजार समितीचें काढून घेतलेलें मत शेतकऱ्यास परत मिळावें असा ठराव मंडळीच्या येत्या वार्षिक सभेंत आणावा, व खर्चाचा आक्षेप पुनः निघूं नये म्हणून तो भार कोणीं उचलावा हेंहि त्याच ठरावांत लिहावें. मसुदा तयार करून देण्यास आम्ही राजी आहों. सूचक व अनुमोदक मात्र प्रत्यक्ष शेती करणारे असावेत.