रजा मंजूर?

सोमवारी सकाळी साडेअकराला आमच्या कँटीनमध्ये एक प्रश्न हमखास येतो. 'वीकेंडला काय पाहिलंस?' मी सिनेमाचं नाव सांगितलं, की लगेच दुसरा प्रश्न. 'स्लो आहे का रे?' गोष्ट काय, कामं कोणाची आहेत, ते सगळं नंतर. आधी हे सांग. हॉटेलात बसल्या बसल्या वेटरला 'भाजी फार तिखट नाही ना?' विचारतात ना, तसं.

मी कुणाला नावं ठेवत नाहीये बरं का. मीही याच पंथातला. दीडपट स्पीडवर सिनेमा संपवून वर 'ठीक आहे, उगाच लांबवलाय' असं मत ठोकून देणारा. शिवाय आपला तो पेटंट डायलॉग असतोच, 'थिएटरला कशाला, ओटीटीवर आला की बघू.' मग तो येतो, आपण त्याला यादीत टाकतो आणि यादी वाढत जाते. गॅलरीत साठलेल्या रद्दीसारखी.

तर मागच्या तीन रविवारी मी त्या रद्दीतून तीन सिनेमे बाहेर काढले. दोन घरी पाहिले, तिसरा एका फिल्म क्लबच्या शोला. नियम एकच. फोन बंद, स्पीड नॉर्मल. तिसरा संपल्यावर ट्यूब पेटली, की अरेच्चा, तिन्हींत एक गोष्ट सेम आहे! मुंबईत नोकरी करणारी माणसं थोडे दिवस मुंबईबाहेर जातात. बस्स. आणि तिथे गेल्यावर... थांबा, एकेक करून सांगतो.

पहिला रविवार : वेंगुर्ला

अविनाश अरुणचा 'थ्री ऑफ अस' २०२३च्या नोव्हेंबरात थिएटरला लागला होता. तेव्हा मी काय करत होतो, आठवत नाही. बहुतेक ऑफिसातच होतो. शैलजा (शेफाली शाह) मुंबईत कोर्टात नोकरी करते, रोज घटस्फोटाची प्रकरणं बघते. तिला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीय. सगळं पुसलं जायच्या आत तिला एकदा वेंगुर्ल्याला जायचंय. लहानपणीची काही वर्षं तिथे गेलीत. नवऱ्याला बरोबर घेऊन ती जाते. शाळेतला मित्र प्रदीप कामत आता तिथल्या बँकेत मॅनेजर आहे, आणि फावल्या वेळात भरतकाम करतो. हो, भरतकाम! आणि ते करतोय कोण, तर जयदीप अहलावत. 'पाताल लोक'मधला तो दणकट हाथीराम चौधरी इथे सुईत दोरा ओवताना बघणं हाच एक सॉलिड अनुभव आहे.

पण माझ्या मते सिनेमा खिशात घालतो तो नवरा. स्वानंद किरकिरे. बायको आपल्याबरोबर इतकी वर्षं राहिली, आणि इतकी मोकळी कधी हसली नाही, हे त्याला परक्या गावात कळतं. भांडण नाही, तमाशा नाही. तो नुसता बघत राहतो. दीडपट स्पीडवर हा माणूस मला दिसलाच नसता. कारण तो जे काही करतो, ते दोन वाक्यांच्या मधल्या जागेत करतो.

तक्रार? आहे ना. कोकण जरा जास्तच देखणं आहे. इतकं, की मधेच मला होम-स्टेचे रेट शोधावेसे वाटले. आणि माणसं अधूनमधून फारच कवितेत बोलतात. याच दिग्दर्शकाचा 'किल्ला' (२०१५) मला अजूनही जास्त आवडतो. त्यातही कोकण, त्यातही नोकरी, पण तिथे आईची बदली होते आणि पोराला तिच्यामागे जावं लागतं. तो पाऊस अंगावर येतो. इथला पाऊस कॅलेंडरवर शोभेल.

दुसरा रविवार : रत्नागिरी

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. २०२४मध्ये कान महोत्सवात याला ग्रां प्री मिळाला. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोचायला तीस वर्षं लागली होती. बातमी आली तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटसला टाळ्या वाजवल्या. तिकीट किती जणांनी काढलं, हा प्रश्न मी कँटीनमध्ये विचारला, तर सगळे एकदम चहा ढवळायला लागले. मीही.

मुंबईतल्या एका हॉस्पिटलात काम करणाऱ्या तिघी. प्रभा आणि अनू या मल्याळी नर्सेस, आणि पार्वती ही तिथली स्वयंपाकीण. प्रभाचा नवरा जर्मनीत, त्याचा फोनसुद्धा येत नाही. एक दिवस घरी एक नवाकोरा राइस कुकर येऊन पडतो. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. रात्री एकटी असताना कनी कुसृती त्या कुकरला ज्या पद्धतीने जवळ घेते, त्यावर मी जास्त लिहीत नाही. बघा. अनूला भेटायला जागा नाही, ही तिची अडचण. प्रियकर आहे, प्रेम आहे, दोन कोटींच्या गर्दीत दोन माणसांपुरता कोपरा नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये 'पार्टनर' म्हणून राहणाऱ्या माझ्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि पार्वती म्हणजे आपली छाया कदम. त्याच वर्षी 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर टपरी चालवणारी मंजूमाई झाली होती ना, तीच. इथे ती आयुष्यभर ज्या खोलीत राहिली, ती आपली आहे हे सिद्ध करणारा कागदच तिच्याकडे नाही. बिल्डर आला, विषय संपला. ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते, आणि या दोघी तिला पोचवायला जातात. सिनेमाचा दुसरा भाग हा.

इथे माझ्या कँटीनमधल्या एका मित्राचं आणि माझं जुंपलं. तो म्हणाला, 'पहिला भाग एक नंबर, गावाला गेल्यावर पार झोपलो.' मला उलट वाटलं. मुंबईत या बायका सारखं काहीतरी धरून उभ्या असतात. लोकलची कडी, पिशवी, ड्यूटीचा चार्ट. समुद्रावर पोचल्यावर पहिल्यांदा त्यांचे हात मोकळे दिसतात. आणि हात मोकळे झाले, की मनात अडकलेलं तोंडावर येतं. एक मात्र मान्य. बुडालेल्या माणसाचा जो प्रसंग आहे, त्यात स्वप्न कुठलं आणि खरं कुठलं, यात मी पाच मिनिटं हरवलो होतो. पण हरवलो म्हणून घड्याळ बघितलं नाही, हेही तेवढंच खरं.

आणखी एक. 'थ्री ऑफ अस'मधली शैलजा स्वतःहून जाते. पार्वतीला घालवून दिलं जातं. गाव तेच कोकणातलं, पण एकीची ती रजा आणि दुसरीची हकालपट्टी. हा फरक पोस्टकार्डावर दिसत नाही.

तिसरा रविवार : दहा दिवस

'साबर बोंडं'. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमाच्या कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक या मराठी सिनेमाने मिळवलं. सप्टेंबरात तो आपल्याकडे थिएटरला लागला. त्याच शुक्रवारी 'जॉली एलएलबी ३' आला होता. कोणाच्या वाट्याला किती शो आले असतील, गणित तुम्हीच करा.

आनंद मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करतो. वडील जातात. आईबरोबर तो गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळायला. नातेवाइकांना त्याच्या दुःखापेक्षा त्याच्या लग्नाची काळजी जास्त. 'तिशी आली, कधी करतोस?' आनंदला पुरुष आवडतात. आईला ते माहीत आहे, वडिलांनाही माहीत होतं. बाकी कुणाला नाही. गावात लहानपणचा मित्र बाळ्या आहे. शेळ्या राखतो, आणि लग्नाच्या बाबतीत तोही घरच्यांना झुलवत ठेवतोय. गोष्ट एवढीच. दिग्दर्शकाने आपल्या वडिलांच्या निधनानंतर जे अनुभवलं, त्यातून ती आलीय.

कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून बसलेला. माणसं येतात, टेकतात, काहीबाही बोलतात, जातात. सुतकाच्या घरात असतं तसंच. भूषण मनोज आणि सुरज सुमन या दोघांनी प्रेम असं केलंय, की कुठे 'आता बघा हं' असा आव नाही. आणि आईच्या भूमिकेतल्या जयश्री जगताप! पोराच्या बाजूने ती एकही भाषण ठोकत नाही. नुसती त्याच्या आणि नातेवाइकांच्या मधे उभी राहते.

इथलं गाव पोस्टकार्डावरचं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. तेच नातेवाईक जीव खातात, आणि तेच ताटही वाढतात. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाचं फळ. बाहेरून काटे, आतून गोड लालभडक. बाळ्या ती आनंदसाठी घेऊन येतो. यावर दिग्दर्शक एक अवाक्षर बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही.

शो संपला. शेजारच्या खुर्चीतल्या कुणीतरी जांभई देऊन म्हटलं, 'छान आहे, पण स्लो आहे.' मी मान डोलवायला गेलो आणि अडकलो. कारण दहा दिवस या शब्दाशी माझा एक जुना हिशेब आहे.

माझे मोठे काका गेले, तेव्हा मी कराडजवळच्या आमच्या गावी पोचलो तो रात्री. लहानपणीच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या मी त्यांच्याकडे काढल्या. पोहायला त्यांनी शिकवलं, विहिरीत ढकलून. ऑफिसच्या नियमात जवळच्या नातेवाइकाच्या निधनाला तीन दिवस रजा मिळते. पण 'जवळचे' या व्याख्येत काका बसत नाहीत. मी दोन कॅज्युअल घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी पहाटे बॅग उचलली. क्वार्टर एंड होता ना. काकी ओसरीवर बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, 'निघालास व्हय? च्या तर घे.' मी चहा उभ्या उभ्या घेतला.

दहाव्याला चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला. मी कॉन्फरन्स रूमच्या बाहेर, इअरफोन लावून, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत होतो. नदीकाठी सगळे गप्प उभे होते. कावळा काही येईना. आत माझ्या प्रेझेंटेशनची वेळ झाली, आणि मी कॉल कट केला. कावळा शिवला का, कधी शिवला, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही. विचारायचं तोंड नाही.

आमच्या कँटीनच्या भाषेत सांगायचं, तर तो प्रसंग स्लो होता.

मंडळी, सगळे संथ सिनेमे थोर असतात असं मी म्हणत नाहीये. कित्येक नुसतेच कंटाळवाणे असतात, आणि त्यांना झोपून दाद द्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण या तिघांबद्दल मला आता असं वाटतं, की ते रेंगाळत नाहीत. जी गोष्ट ते सांगतात तिला तेवढा वेळ लागतोच. नवऱ्याला बायको नव्याने दिसायला आठवडा लागतो. घर गेलं हे पचायला, 'मला तू आवडतोस' म्हणायला, बाप गेला हे खरं वाटायला, दहा दिवससुद्धा कमीच पडतात. आपल्याला ते लांबलेलं वाटतं, कारण आपल्याकडे तेवढी रजाच शिल्लक नसते. किंवा असते, आणि आपण ती मागत नाही. दर मार्चमध्ये माझ्या किती सुट्ट्या वाया जातात, ते इथे छापलं तर माझी आई पेपर वाचणं बंद करेल.

या सोमवारी मी पोर्टल उघडलं आणि चार दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात पर्याय तीनच, आजारपण, प्रवास, वैयक्तिक. 'कावळ्याचं विचारायला जायचंय' हा पर्याय नाही. मी 'वैयक्तिक' निवडलं. मॅनेजरचं उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही. काकींना मात्र फोन करून सांगून टाकलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. 'ये की. पण परत उभ्या उभ्या च्या घ्यायचा असंल, तर येऊ नकोस.'

तर, या वीकेंडला काय बघताय? आणि कोणत्या स्पीडवर?