परक्या देशात फौज कधी पाठवावी?

परक्या देशातील बंड मोडायला भारताने पुन्हा कधीही फौज पाठवू नये, श्रीलंकेत हात पोळले तेवढे पुरे, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचा पुरावा लेचापेचा नाही. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या, भारताची शांतिसेना जाफन्यात उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तीच सेना लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागली. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात शीख लाइट इन्फन्ट्रीचे ३० जवान हेलिकॉप्टरमधून उतरले. आपले बिनतारी संदेश लिट्टेने आधीच ऐकले होते. गोळीबार असा झाला की मागची कुमक उतरवताच आली नाही. दारूगोळा संपेपर्यंत जवान लढले. ३० पैकी एकच वाचला. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० जवान कामी आले होते आणि लिट्टे शाबूत होती.

हा पुरावा निर्विवाद आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, फौज अपुरी पडली, आणखी पाठवायला हवी होती. हेही टिकत नाही. काही हजारांची शांतिसेना पुढे सत्तर हजारांच्या घरात गेली. जाफना शहर तिने जिंकलेही. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. संख्याबळ होते, शौर्यही होते. पण ज्या राज्यासाठी लढायचे, ते राज्यच पाठीशी नव्हते. करारानुसार श्रीलंकेचे सैन्य उत्तरेत छावण्यांत थांबले आणि लिट्टेला निःशस्त्र करण्याचे काम आपल्या गळ्यात पडले. लिट्टेची तर त्या करारावर सहीही नव्हती. १९८९ मध्ये अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी शांतिसेनेला निघून जायला सांगितले, वर लिट्टेला हत्यारे पुरवली. अशा ठिकाणी लाखाची फौजही हरली असती.

आता पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन पाहा. मे २००० मध्ये फोदे सांकोहच्या बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांचे सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले होते. निरपराध माणसांचे हात तोडणारी ही टोळी राजधानी फ्रीटाऊनच्या रोखाने सरकत होती. ब्रिगेडियर डेव्हिड रिचर्ड्स यांच्या हाताखाली जेमतेम हजारभर ब्रिटिश सैनिक उतरले आणि त्यांनी लुंगी विमानतळ ताब्यात घेतला. १७ मे रोजी सांकोह फ्रीटाऊनमध्ये पकडला गेला. ब्रिटिशांची लढाऊ तुकडी जूनमध्ये परतली. मागे उरले ते मुख्यतः स्थानिक सैन्याला घडवणारे प्रशिक्षक. जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याची घोषणा झाली.

यावर आक्षेप येईल की हे यश ब्रिटिशांचे एकट्याचे नव्हते. खरे आहे. तिथे संयुक्त राष्ट्रांची फौज १७,००० पर्यंत वाढली. शेजारच्या गिनीच्या सैन्याने बंडखोरांना झोडपले. कैलाहुनमध्ये अडीच महिने वेढ्यात अडकलेल्या दोनशेहून अधिक गोरखा जवानांना आपल्या सेनेने ‘ऑपरेशन खुकरी’ राबवून सोडवले. दुसरा आक्षेप असा की रिचर्ड्स यांना हुकूम होता नागरिकांना बाहेर काढण्याचा. त्यांनी तो ओलांडला. तेही खरे. पण ज्या सरकारच्या बाजूने ते उभे राहिले, ते अध्यक्ष काब्बांचे सरकार शेवटपर्यंत त्यांच्या बाजूने राहिले आणि २००२ च्या निवडणुकीत जनतेने त्याच काब्बांना सुमारे ७० टक्के मते दिली. म्हणजे हे आक्षेप माझेच म्हणणे पक्के करतात. परकी फौज छोटी असून चालते, कारण तिने टेकू द्यायचा असतो. घर उभे ठेवायचे काम घरच्यांचेच.

म्हणून फौज पाठवण्याआधी दिल्लीने तीन प्रश्न विचारावेत. तिथल्या सरकारला ही मदत मनापासून हवी आहे का? त्याचे स्वतःचे सैन्य आपल्या पुढे उभे राहून लढणार आहे का? बंडाखाली होरपळणारी जनता त्या सरकारला आपले मानते का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर एक ब्रिगेडही निर्दोष माणसांची कत्तल थांबवू शकते आणि अशा वेळी हात बांधून बसणे हा शहाणपणा नव्हे. एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर एकही जवान पाठवू नये. आपल्या जवानांच्या जिवाचे मोल जाणणाऱ्या सरकारने हे प्रश्न जहाजे निघण्याआधी, संसदेत, उघडपणे विचारले पाहिजेत.